भूल वेगळी, चूक वेगळी

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका पोराचा आहे. पिठाच्या गिरणीवर कामाला असतो. त्याचं लिहिणं थोडक्यात असं: दुपारच्या नमाजआधी हातपाय-तोंड धुताना, म्हणजे वजू करताना, गुळणीचं पाणी घशाखाली गेलं. रोजा गेलाच आहे असं समजून त्यानं मालकाबरोबर डबा खाल्ला. घरी अम्मी म्हणाली, "आता सलग ६० रोजे धर." गिरणीत दिवसभर पीठ नाकातोंडात जातं, मग रोजा राहतो का, ही दुसरी शंका. दादीला साखर आहे, इन्सुलिन चालू आहे, पण ती रोजा चुकवायला तयार नाही. बहीण तीन महिन्यांच्या बाळाला पाजते. आणि शेवटचं, मोबाइलमधली सहरीची, म्हणजे पहाटेचं खाणं थांबवायची, वेळ मशिदीच्या वेळेशी जुळत नाही, खरी कोणती?

बेटा, आधी अम्मीला सांग, ६० नाहीत. एकच रोजा. तोही रमजान संपल्यावर, सवडीनं.

तालुक्याच्या गावात माझी २६ वर्षं इमामतीत गेली, आणि तुझ्या अम्मीचं वाक्य मी दरसाल कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलं. जिथं दीननं, धर्मानं, सूट दिली आहे तिथं आपले लोक घाबरून मरतात, आणि जिथं सूट नाही तिथं बिनधास्त असतात. साठाची भीती सगळ्यांना असते, पण सहरीच्या घड्याळाकडं कुणी बघत नाही. त्यावर शेवटी येतो.

दुकानदाराच्या बिलाखाली "भूलचूक देणेघेणे" असं छापलेलं असतं. मराठीत हे दोन शब्द असे चिकटलेत की आपल्याला ते एकच वाटतात. रोज्याच्या मसल्यात, नियमांच्या प्रश्नात, ते तोडून बघावे लागतात. भूल म्हणजे रोजा आहे हेच डोक्यातून जाणं. चूक म्हणजे रोजा पक्का लक्षात आहे, पण नको ते हातून घडलं. जाणूनबुजून केलेलं हे तिसरं. या तिघांचे हिशेब वेगवेगळे आहेत.

भूल साफ माफ आहे. रमजानच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत हे फार होतं. माणूस उन्हातून येतो, सवयीनं माठाकडं जातो, तांब्याभर पाणी पिऊन टाकतो आणि तांब्या खाली ठेवताना त्याला आठवतं. त्याचा रोजा शाबूत आहे. बुखारी आणि मुस्लिम या पैगंबरांच्या वचनांच्या दोन्ही संग्रहांत हदीस आहे की जो विसरून खाईल किंवा पिईल त्यानं आपला रोजा पुरा करावा, कारण त्याला अल्लाहनंच खाऊ-पिऊ घातलं. विसरून एक घोट घेतला काय नि पोटभर जेवला काय, हुकूम तोच. फक्त आठवलं त्या क्षणी तोंडात जे असेल ते थुंकायचं. आठवल्यावर घास गिळला तर तो भुलीतला राहिला नाही. आणि भुलून खाणाऱ्याला बघणाऱ्यानं काय करायचं? तरणाताठा गडी असेल तर त्याला टोकावं. थकलेला म्हातारा असेल आणि दोन घासांनी त्याला दिवस काढायची ताकद येणार असेल, तर बघितलंच नाही असं करून पुढं जावं. हे माझ्या मनचं नाही, हनफी फिकहच्या, म्हणजे धर्मनियमांच्या, पुस्तकांत लिहिलेलं आहे.

तुझं झालं ती चूक. रोजा लक्षात होता, गुळणी करताना पाणी उतरलं. हनफी मसलकमध्ये, म्हणजे पंथात, यानं रोजा तुटतो आणि त्याची कजा, म्हणजे एकाला एक रोजा, करावी लागते. गुनाह नाही, पण रोजा भरून द्यायचा. मराठवाड्यात बहुतेक मशिदी हनफी आहेत म्हणून मी त्या हिशेबानं बोलतोय. आपल्याकडची चाऊश घराणी, ज्यांचे वाडवडील हद्रमौतहून निजामाच्या फौजेत आले, ती मात्र शाफई या दुसऱ्या मसलकची आहेत, कोकणातले लोकही. शाफईंकडं गुळणीत अतिरेक केला नसेल आणि पाणी आपसूक उतरलं असेल तर रोजा टिकतो. त्यामुळं शेजारच्या चाऊशनं "काही झालं नाही" म्हटलं तर तो खोटं बोलत नाही, आणि मी कजा सांगतोय म्हणून मी कठोर ठरत नाही. आपापल्या घरचं ज्यानं त्यानं पाळावं. रोज्यात गुळणी हलकी करायची, घशापर्यंत गरारा करायचा नाही, नाकात पाणी वर ओढायचं नाही, हे मात्र सगळ्यांना लागू.

आता डबा. पाणी उतरलं तेव्हाच रोजा गेला होता, त्यामुळं नंतरच्या जेवणानं तो दुसऱ्यांदा मोडला नाही. म्हणून कफ्फारा, म्हणजे ते साठ रोज्यांचं प्रायश्चित्त, नाही. तरी डबा खायला नको होता. रमजानच्या दिवसात रोजा असा तुटला तरी मगरिबपर्यंत, सूर्य मावळेपर्यंत, रोजेदारासारखंच राहायचं असतं, महिन्याचा अदब म्हणून. त्याची तौबा कर, बास.

हे साठ आलं कुठून? कफ्फारा लागतो तो रमजानचा धरलेला रोजा, कसलंही कारण नसताना, जाणूनबुजून मोडला तर. नवरा-बायकोच्या संबंधानं मोडला तर चारही मसलकांत कफ्फारा आहे. खाऊन-पिऊन मोडला तर हनफी आणि मालिकींकडं आहे, शाफईंकडं फक्त कजा. पहिला कफ्फारा गुलाम आजाद करण्याचा, तो जमाना गेला, म्हणून ६० रोजे सलग. मध्ये एक चुकला तर पुन्हा एकपासून. बाईची पाळी आली तर तेवढे दिवस सोडून पुढं मोजायचं, त्यानं साखळी तुटत नाही. तब्येत खरोखर साथ देत नसेल तरच ६० गरिबांना दोन वेळचं जेवण. यावर मला एका मोंढ्यातल्या व्यापाऱ्यानं विचारलं होतं, "मौलाना, आकडा सांगा, चेक देतो." त्याला म्हटलं, शेटजी, तुम्ही रोज सकाळी चार किलोमीटर चालता, मी बघतो. तुम्हाला आकडा नाही, रोजेच आहेत. तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

आणि चूक फक्त तुझ्यासारख्या पोरांकडून होते असं समजू नको. रमजान पावसाळ्यात यायचा त्या सालांतली गोष्ट. दिवसभर झड लागलेली, लाइट नाही, मशिदीतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं. खजूर वाटून झालेले. कुणीतरी म्हणालं, लांबच्या मशिदीचा भोंगा वाजला. मी मान हलवली. सगळ्यांनी रोजा सोडला. खजुराची बी अजून माझ्या गालात होती आणि पश्चिमेकडं ढग फाटून पत्र्यावर पिवळं ऊन पडलं. पाच-सहा मिनिटांची बाब. ज्यांनी माझ्या मानेवर विश्वास ठेवला त्या सगळ्यांना मला नमाजनंतर उभं राहून सांगावं लागलं की आजचा रोजा ईदनंतर पुन्हा धरायचा. बुखारीत हजरत अस्मा यांची रिवायत आहे, पैगंबरांच्या काळातसुद्धा ढगाळ दिवशी लोकांनी इफ्तार केला आणि नंतर सूर्य निघाला. ते आठवून थोडा धीर आला. पण त्या दिवसापासून खिशात घड्याळ ठेवतो.

गिरणीचं सोपं आहे. जुन्या फिकहच्या ग्रंथांत चक्कीच्या पिठाची धूळ, रस्त्याची धूळ, धूर आणि घशात जाणारी माशी या गोष्टी नाव घेऊन लिहिल्यात, आणि हुकूम एकच, रोजा तुटत नाही. कारण त्या अडवता येत नाहीत. ज्वारीचं दळण चालू असताना भुवया पांढऱ्या होतात, ओठावर पिठाचा थर बसतो, ते मी माझ्या मामांच्या गिरणीवर बघितलंय. ओठावरचं पुसून टाक, जिभेनं चाटू नको, एवढंच. कापसाच्या जिनिंगवर काम करणारे, चुलीपुढं बसणाऱ्या आयाबाया, सगळ्यांना हेच. मात्र धूर मुद्दाम ओढला तर गोष्ट बदलते. उदबत्तीवर नाक धरून हुंगत बसणं, विडी-सिगारेट, हुक्का, यानं रोजा जातो. "धूर पोटात थोडाच जातो" असं मला सांगणारे विडीवालेच असतात.

मिश्रीचं वेगळं सांगतो, कारण बाया विचारत नाहीत, परस्पर लावतात. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं त्यांचं म्हणणं. मिश्रीचा रस थुंकीबरोबर उतरतोच, आणि उतरला की रोजा गेला. उतरला नाही असं कुणी छातीठोक म्हणाली तरी काम नापसंत, मकरूह. गुटखा-तंबाखू गालात ठेवून "गिळत नाही" म्हणणाऱ्यांना मी उत्तरसुद्धा देत नाही. टूथपेस्टनं रोजा तुटत नाही, पण फेस घशात जायचा धोका, म्हणून मकरूह. सहरीत ब्रश करा, दिवसा मिसवाक. आपल्याकडं कडुनिंबाची काडी सगळीकडं मिळते, तीही चालते.

बाकी नेहमीचं भराभर सांगतो. डोळ्यात औषध घातलं, रक्त तपासायला दिलं, डोक्याला तेल लावलं, अंघोळ केली, ओलं फडकं डोक्यावर ठेवलं, आपली थुंकी गिळली: काही होत नाही. रक्तदानानंही रोजा तुटत नाही, पण अशक्तपणा येत असेल तर इफ्तारनंतर करावं. उलटी आपोआप झाली तर रोजा कायम, मग ती कितीही होवो. बोट घालून तोंडभर काढली तर गेला. झोपेत स्वप्नदोष झाला तर रोजा राहतो, गुस्ल, म्हणजे अंघोळ, करायचं. हा प्रश्न पोरं चिठ्ठीवर लिहून माझ्या चपलेत ठेवायची. सालन चाखायचं झालं तर जिभेच्या टोकावर घेऊन थुंकून टाकावं, तेही गरज असली तरच. गरजेचं उदाहरण म्हणून जुन्या फकीहांनी काय दिलंय माहीत आहे? नवरा तापट असेल आणि मीठ कमी-जास्त झाल्यावर बोलत असेल, तर बायकोनं चाखायला हरकत नाही. एवढ्या जाड्या अरबी ग्रंथांत हे वाचलं तेव्हा मी शिकत होतो, उस्तादांसमोर हसू आवरलं नव्हतं.

दादीचं. इन्सुलिनच्या सुईनं रोजा तुटत नाही. बोटाला टोचून साखर बघितल्यानंही नाही. हे आधी सांगतो कारण म्हाताऱ्या माणसांची हीच समजूत आडवी येते. सुईनं रोजा मोडेल म्हणून इन्सुलिन घेत नाहीत, आणि संध्याकाळी दवाखाना गाठावा लागतो. ग्लुकोजच्या सलाइनबद्दल मतं वेगळी आहेत. इथले पुष्कळ मुफ्ती म्हणतात की ते नसेतून जातं, पोटाच्या वाटेनं नाही, म्हणून रोजा तुटत नाही, पण भूक मारायला घेणं मकरूह. जेद्दाहच्या फिकह अकादमीनं १९९७ साली औषधी सुया आणि पोषणाच्या सुया यांत फरक केला, पोषणाच्या सुयांना सूट दिली नाही. माझं म्हणणं, ज्याला सलाइन लावायची वेळ आली त्यानं त्या दिवशी रोज्याचा हट्टच धरू नये. दम्याचा पंप मात्र इथल्या हनफी उलमांच्या मते रोजा मोडतो, कारण औषध घशातून आत जातं. ज्याला पंपाशिवाय दिवस निघत नाही तो आजारीच आहे, त्याला सूट आहेच.

दादीला तिच्या डॉक्टरकडं ने, खरं तर हे रमजानच्या महिना-दोन महिने आधी करायचं असतं. गोळ्यांची आणि इन्सुलिनची वेळ सहरी-इफ्तारवर बसवता येते का ते तोच सांगेल. मधुमेहाचे डॉक्टर एक मोजमाप सांगतात: दिवसा साखर ७०च्या खाली गेली किंवा ३००च्या वर चढली तर रोजा तिथल्या तिथं सोडायचा. चार वाजलेत, तीनच तास राहिलेत, असं करायचं नाही. कुरआनमध्ये सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत आजारी आणि मुसाफिर यांना "दुसऱ्या दिवसांत गिनती पुरी करा" असं सांगितलंय. १८५ मध्येच पुढं आहे की अल्लाह तुमच्यासाठी आसानी इच्छितो, सख्ती इच्छित नाही. दादीला ही आयत तर्जुम्यासकट वाचून दाखव. माझ्या शब्दानं ऐकणार नाही, आयतीनं ऐकेल.

डॉक्टर म्हणाला की आता कधीच जमणार नाही, तर फिदया. एका रोज्याला एका गरिबाचं दोन वेळचं जेवण, किंवा सदकए फित्रएवढा, म्हणजे ईदला देतात त्या दानाएवढा, गहू, अर्धा साअ. साअच्या जुन्या मापाचे हिशेब वेगवेगळे आहेत, त्यामुळं कुणी पावणेदोन किलोच्या आत-बाहेर सांगतो, कुणी दोन किलोच्या वर. तुमच्या मशिदीत जो आकडा जाहीर होतो तोच धरा, चालू भावानं पैसे दिले तरी चालतात. पण ताप आला, हात मोडला, ऑपरेशन झालं, अशा बऱ्या होणाऱ्या माणसाला फिदया नाही, त्यानं बरं झाल्यावर कजाच करायची.

बहिणीचं. बाळाला दूध कमी पडेल किंवा तिला स्वतःला झेपणार नाही अशी खरी भीती असेल तर तिनं रोजे सोडावेत. आपल्या मसलकमध्ये तिच्यावर फक्त कजा आहे, वर फिदया नाही. कजा लगेचच करा, सलग करा, असं काही बंधन नाही. बाळ वरचं खायला लागू दे, मग थंडीच्या दिवसांत धरू दे. आपल्या भागात मे महिन्याचा रोजा साडेचौदा तासांचा होतो, डिसेंबरचा साडेबाराच्या आत बसतो. गरोदर बाईलाही हेच. पाळीत रोजा धरायचाच नसतो. नंतर रोज्यांची कजा आहे, नमाजची नाही. इफ्तारला पाच मिनिटं असताना पाळी आली तरी तो रोजा गेला, रडण्यात अर्थ नाही, सवाब देणारा वर बसलाय. आणि घरातल्या पुरुषांना एक सांगणं आहे. पोरी त्या दिवसांत बापा-भावासमोर रोजा असल्याचं नाटक करतात आणि मोरीत जाऊन पाणी पितात. "आज रोजा का नाही?" हा प्रश्न बाईमाणसाला विचारू नका. एवढी समज ठेवा.

२०१८ आणि २०१९ चे रमजान मे महिन्यात आले होते. मोंढ्यात पोती उचलणारे हमाल मला विचारायचे, आधीच सोडून देऊ का? आधीच नाही. सहरी करायची, नियत करायची, रोजा सुरू करायचा, शक्य असेल तर जड काम सकाळीच उरकून घ्यायचं. चक्कर यायला लागली, जिवावर बेतेल असं वाटलं, तर पाणी प्यायचं. नंतर एक कजा, कफ्फारा नाही. हमाल सहरीच्या खिचडी-खट्ट्यावर दुपारपर्यंत निभवायचे. काहींनी बरोबरच्या हिंदू गड्यांना सांगितलेलं असायचं, आज माझ्या वाटची पोती तू घे, दिवाळीत तुझी मी घेतो.

प्रवासाचं एका ओळीत: हनफी हिशेबानं साधारण ७७-७८ किलोमीटरच्या पुढं जायचं असेल, काही उलमांच्या हिशेबानं ९२, तर सूट. संभाजीनगर-जालना रोज एसटीनं ये-जा करणारा मुसाफिर होत नाही, ते अंतर ६० च्या आसपास आहे. आणि सहरीच्या वेळी घरीच असाल, दिवस उजाडल्यावर निघणार असाल, तर त्या दिवसाचा रोजा धरायचा.

आता घड्याळ. तुझ्या मोबाइलमध्ये ठिकाण काय दाखवतं ते बघ. मला संशय आहे की ते मुंबई असेल. सूर्य पूर्वेकडच्या गावाला आधी भेटतो, रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं. मुंबई ७२.९ अंशावर, संभाजीनगर ७५.३, परभणी ७६.८, नांदेड ७७.३, हैदराबाद ७८.५. म्हणजे परभणीत मुंबईची वेळ पाळली तर पंधरा मिनिटांहून जास्त उशीर. इफ्तार उशिरा झाला तर रोजा जात नाही, निव्वळ तहान वाढते. पण सहरीत सुबहे सादिक, म्हणजे खरी पहाट, होऊन गेल्यावर पंधरा मिनिटं तू खात असतोस, आणि तो रोजा झालाच नाही. हैदराबादच्या पाहुण्यांनी आणलेलं टाइमटेबल लावलं तर उलटं. सहरीचं नुकसान नाही, पण सूर्य मावळायच्या सहा-सात मिनिटं आधीच तू खजूर तोंडात टाकतोस. संभाजीनगरचं कार्ड नांदेडला चालवणारेही मी बघितलेत, तिथं आठ मिनिटांचा फरक पडतो.

अजानवरही जाऊ नको. सहरीची वेळ सुबहे सादिकला संपते, आणि अजान त्यानंतर होते. "अस्सलातु खैरुम मिनन्नौम" हे पहाटेच्या अजानमधलं वाक्य ऐकू येईपर्यंत पाणी पिणारे लोक प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. हनफी मसल्यानं त्यांच्यावर त्या रोज्याची कजा आहे, रात्र आहे असं समजून प्यायले असले तरीही. ही भूल नाही, चूक आहे.

तू जिंतूरकडचा असशील तर परभणीचंच कार्ड वापर, फरक अगदी किरकोळ आहे. ॲपमध्ये गाव हातानं निवड, आणि दोन मिनिटं आधी हात धू. आणि हे रोजे चालू असताना ॲप मुंबईवरच होतं का, शेवटच्या मिनिटापर्यंत खात होतास का, ते आठवून बघ. तसे जेवढे दिवस निघतील तेवढे वहीत लिही आणि वजूच्या त्या एकाबरोबर थंडीत धरून टाक.